माहेरी ठेवलेलं नाव

बॉथेल, वॉशिंग्टन
१४ ऑक्टोबर १९८५

लता,

साऱ्या टेक्ससची तू वसुधा असशील, मला लताच. आशीर्वाद आहेतच. तुझ्या आईंसारखे चार ओळींचे मात्र मला अजून लिहिता येत नाहीत.

तू पाठवलेली चकलीची भाजणी पोचली. पुडा वाटेत फाटला होता, त्यामुळे थोडी पोस्टाच्या पिशवीलाही मिळाली. काल चकल्या केल्या. पाचसहा जणांना पुरतील इतक्या झाल्या आणि खाणारी मी एकटी. श्रीरंग गेल्याला तीन वर्षं होतील, तरी माझा हात काही आखडत नाही बाप्पा. शेजारच्या म्हातारीला नेऊन दिल्या. तिने त्या सूपमध्ये बुडवून खाल्ल्या.

आता मुद्द्याचं. फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर येत नाही, म्हणून लिहिते आहे. इंग्लंडहून माझ्या धाकट्या भावाचं, ह्यूचं, पत्र आलंय. माझ्या माहेरचं असं दर नाताळात तेवढं एकच पत्र येतं. या वेळी ते ऑक्टोबरातच आलं, तेव्हा पाकीट फोडण्याआधीच मला कळलं. पपा फार थकले आहेत. लॉर्ड्‌सच्या सभागृहात जाणं केव्हाच सुटलं, आता डोळेही जवळजवळ गेले. थॉर्नमिअरचं आमचं घर अर्धं लोकांना बघायला उघडलंय. शनिवारी शाळेची पोरं येतात आणि जिन्यातल्या माझ्या आजीच्या तसबिरीखाली बसून डबा खातात. पपा खालच्या मजल्यावर एका खोलीत असतात. डॉक्टरांच्या मते ते वसंत ऋतू पाहतील असं नाही. यायचं तर ये, असं ह्यू लिहितो.

मी जाणार नाही. तुला कळवून ठेवलं, इतकंच. बोलावल्याशिवाय जेवायलासुद्धा जाऊ नये, असं आई म्हणायच्या. आणि हे बोलावणं ह्यूचं आहे, पपांचं नाही.

प्रतापरावांना नमस्कार. सीमाला म्हणावं, मामीला मराठीत दोन ओळी लिही, चुका झाल्या तरी चालतील. मीही शिकलेच की.

तुझी,
वहिनी


अर्विंग, टेक्सस
२६ ऑक्टोबर १९८५

वहिनी, नमस्कार.

तुझं पत्र मी ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये वाचलं आणि दूध न घेताच ड्राइव्ह करत घरी आले. प्रताप हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आल्यापासून चहासाठी ओरडतोय. ओरडू दे.

तू जा. सिरियसली सांगते, यार, जा. बाबा सिरियस आहेत म्हणून नागपूरहून तार आली, तेव्हा मी त्याच दिवशी निघाले होते. न्यूयॉर्कला स्नोमुळे फ्लाइट कॅन्सल झाली. एअरपोर्टच्या खुर्चीवर बसून मी देवाला म्हणत होते, त्यांना थोडं थांबव. घरी पोचले तर पोर्चमध्ये चपलाच चपला होत्या. बाबा मला 'लते' म्हणायचे, तशी हाक आता कोणी मारत नाही. सहा वर्षं झाली, तरी गाडीत एकटी असले की मी कधीकधी त्यांच्यासारखा आवाज काढून स्वतःलाच 'लते' म्हणून बघते. वेडी म्हण हवं तर.

खरं सांगायचं तर मला तुझे पपा कधी आवडलेच नाहीत. पाहिलेत कुठे? तुझ्या ट्रंकेतला तो घोड्यावरचा फोटो तेवढा. आमचा दादा सावळा, त्यातून आडनाव पांढरीपांडे, म्हणून लॉर्डसाहेबांनी मुलगी टाकली, असंच आम्ही घरात सगळे धरून चाललो होतो. बाबा तर म्हणायचे, त्यांना जावई नाही, साम्राज्य गेल्याचं दुःख झालंय. तुझ्यासमोर म्हणत नसत, एवढंच.

माझ्या डोळ्यांसमोर तुझं लग्न अजून आहे. मी चौदा वर्षांची. तांदळाचं ताट मीच धरलं होतं. दादाने अंगठीने त्यात तुझं नवं नाव लिहिलं आणि त्याचा हात एवढा थरथरला की 'सु'चा उकार पार ताटाच्या काठाला गेला. तू मात्र ते नाव वाचून अशी हसलीस की आई म्हणाली, पोरीला खजिनाच सापडला जणू. त्या हसण्याचं मला नेहमी नवल वाटायचं. मला बघ, प्रतापच्या घरी गेल्यावर लताची वसुधा केली, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले होते.

वडील आहेत तुझे. जशी असतील तशी माणसं एकदाच मिळतात. जा.

तुझी,
लता


बॉथेल
९ नोव्हेंबर १९८५

लता,

तुमच्या बाबांची आणि तुझी समजूत चुकीची होती, आणि मी ती इतकी वर्षं तशीच राहू दिली. श्रीरंगलाही पुरतं ठाऊक नव्हतं. आज तुला सांगते, पण पोटात ठेव.

पपांनी श्रीरंगमुळे मला टाकलं नाही. लंडनला त्यांनी त्याला जेवायला बोलावलं होतं. त्याच्या धरणांच्या कामावर दोघं रात्री बारापर्यंत बोलत बसले. निघताना पपा मला म्हणाले, माणूस सरळ आहे, पण इतक्या लांब जाशील. नागपूरला लग्नाच्या दिवशी त्यांची आशीर्वादाची तार आली होती. ती आईंनी देवाजवळ ठेवली होती, तुला आठवेल.

बिघडलं ते नावावरून.

त्याचं असं आहे. पहिल्या महायुद्धात गॅसने पपांचे डोळे अधू झाले. टाइप केलेली बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नसत. त्यामुळे सभागृहातलं प्रत्येक भाषण त्यांना मोठ्या अक्षरात लिहून लागे. दहाव्या वर्षापासून ते काम माझं. हिंदुस्थान इतक्यात सोडू नये, हे त्यांचं सत्तेचाळीस सालचं भाषणही माझ्याच हातचं. आता हस हवं तर. माझं अक्षर वळणदार होतं, पण ओळी उतरत जायच्या, उजवीकडे टेकडी उतरल्यासारख्या. पपा कागद डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, अक्षर देवदूताचं आणि ओळ दारुड्याची. मग माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. ते कोणालाच असे हात लावणारे नव्हते, ह्यूलासुद्धा नाही. त्या हातासाठी मी ती भाषणं पुन्हा पुन्हा लिहीत असे.

लग्नाच्या आधी आई मला म्हणाल्या, तुमच्याकडे काय रीत आहे आम्हाला ठाऊक नाही, तेव्हा नाव तूच निवड. श्रीरंगने पाचसहा नावं अर्थासकट सांगितली. सुलेखा, म्हणजे जिचं अक्षर सुंदर आहे ती. मी दुसऱ्या नावाकडे बघितलंच नाही. वाटलं, पपांचा हात डोक्यावर घेऊनच या घरात चालले आहे. त्याचं ते हसू होतं.

लग्नानंतर पपांना पहिलं पत्र लिहिलं आणि खाली झोकात सही केली, सुलेखा. अर्थ मुद्दाम लिहिला नाही. म्हटलं, विचारतील, मग सांगेन. केवढी मजा वाटत होती मला. उत्तर आलं दोन ओळींचं: 'रोझमंड नावाची एक मुलगी मला होती. तिला हे नाव माझ्या आईवरून दिलं होतं. सुलेखा नावाच्या बाईंशी माझा परिचय नाही.'

त्यांनी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. आम्ही दोघं एकाच सुंभाचे.

गंमत बघ. पहिलं वर्षभर आई 'सुलेखा' म्हणून हाक मारायच्या आणि मी ढिम्म. आपल्याला बोलावतायत हे कळायचंच नाही. 'अगं, ओ तरी दे' म्हणून त्यांचा घसा बसला. आता त्या नाहीत, श्रीरंग नाही, आणि इथे सगळ्यांना मी मिसेस पांडे, आधीचं 'पांढरी' कोणाला झेपत नाही. ओ द्यायला तयार होऊन बसले आहे आणि हाक मारणारं कोणी नाही. परवा पत्र लिहून बघितलं पपांना. 'प्रिय पपा'च्या पुढे सरकले नाही.

चकल्या संपल्या.

वहिनी


अर्विंग
३० नोव्हेंबर १९८५

वहिनी,

घाईत लिहितेय. मंडळाची दिवाळी झाली. एका शाळेच्या कॅफेटेरियात दीडशे माणसं आणि पुऱ्या लाटायला आम्ही तिघी. सीमाने नाटकात काम केलं, सगळे डायलॉग इंग्लिशमध्ये लिहून पाठ केले होते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

ह्यूचा पत्ता पाठवशील का? यंदा सगळ्यांना ख्रिसमस कार्ड्‌स पाठवायचं ठरवलंय.

लता


बॉथेल
८ डिसेंबर १९८५

पत्ता या कार्डाच्या मागे आहे. ह्यूही त्याच घरात राहतो, त्यामुळे नाव नीट घाल, नाहीतर कार्ड पपांच्या टपालात जाईल. मंडळाचं गणपतीचं कार्ड पाठवू नकोस गं, सोंड बघून घाबरेल बिचारा.

व.


बॉथेल
२ फेब्रुवारी १९८६

वसुधाबाई,

होय, आज वसुधाबाईच.

काल ह्यूचा फोन आला. कार्ड ना? ख्रिसमसचं? तू माझ्या वडिलांना पत्र लिहिलंस. पोटात ठेव म्हटलं होतं मी. तुला हा चोंबडेपणा करायला कोणी सांगितला होता? नऊ वर्षांची असल्यापासून तुझी ही खोड आहे, असं आई म्हणायच्या ते खोटं नव्हतं.

आणि काय झालं त्यातून? ऐक. पपांना वाचता येत नाही, म्हणून नर्सने ते वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवलेही नाहीत. ह्यूने हे मला सांगितलं आणि पुन्हा म्हणाला, ये. कशाला येऊ? आजवर निदान वाटत होतं, त्यांना अर्थ ठाऊक नाही म्हणून. ठाऊक झाला असता तर. त्या 'तर'वर मी इतकी वर्षं काढली गं. तेवढंही तू ठेवलं नाहीस.

मला पपा हवे आहेत, लता. चौपन्न वर्षांची बाई मी, गुडघे दुखतात, आणि मला माझे पपा हवे आहेत. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण खोडत नाही.

उत्तर पाठवू नकोस.

सुलेखा


अर्विंग
१० फेब्रुवारी १९८६

वहिनी,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस, म्हणून पाठवतेय. तुझ्याच सासूची मुलगी आहे मी.

चोंबडेपणा केला. कबूल. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मग मला गप्प बसावं लागलं असतं. आता रागाव हवी तितकी, पण मी काय लिहिलं ते तरी वाच.

सुरुवात कशी करायची इथेच अडले. लॉर्डला काय म्हणतात मला काय ठाऊक? ते आमच्या बाबांचे व्याही, म्हणून मी त्याचं इंग्लिश करून 'डिअर को-फादर-इन-लॉ' लिहिलं. सीमाने वाचलं आणि म्हणाली, 'मॉम, यू कॅन्ट कॉल अ लॉर्ड दॅट.' मग तिनेच 'डिअर लॉर्ड थॉर्नमिअर' घातलं. बाकी सगळं माझं, माझ्या नागपुरी कॉन्व्हेंटच्या इंग्लिशमध्ये.

नावाचा अर्थ लिहिला. ते तांदळाचं ताट मी धरलं होतं, तेव्हा तू कशी हसलीस, ते लिहिलं. आणि आमच्याकडची रीत लिहिली. म्हटलं, साहेब, लग्नात मुलीला नवं नाव देतात, पण जुनं कोणी पुसत नाही. ते माहेरी ठेवतात. आज मी सगळीकडे वसुधा आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर वसुधा, नवऱ्याची वसुधा. पण माहेरी गेले की दारातच 'लता आली' म्हणायचे. ते नाव सासरच्या कोणाकडे नसतं. माझे वडील गेले, आई गेली, भाऊ गेला. आता माझी लता फक्त तुमच्या मुलीजवळ आहे. तशी तिची रोझमंड फक्त तुमच्याजवळ आहे. आम्ही तिला सुलेखा म्हटलं, पण ती रोझमंड आम्हाला कधी दिलीच नव्हती, ती तुमच्याकडेच राहिली. तुम्ही गेलात तर तिला त्या नावाने हाक मारणारं कोण उरणार? एवढंच लिहिलं, वहिनी. उलटसुलट काही लिहिलं नाही.

आणि आता त्या भिंतीचं. मी सासरी निघाले तेव्हा आमचे बाबा काय करत होते, आठवतं? सगळे रडत होते आणि बाबा अंगणात पाठ करून उभे राहिले, संत्र्याची पानं मोजल्यासारखे. मी पाया पडायला गेले तरी वळले नाहीत. मला वाटलं, बाबांना काहीच वाटत नाही. तेव्हा तूच माझ्या कानात म्हणालीस, 'लता, पुरुष माणूस तोंड फिरवतो ते तोंड दिसू नये म्हणून.' तूच म्हणालीस! नागपूरच्या माणसाचं तुला कळलं आणि स्वतःच्या बापाचं कळत नाही?

ते जेवले नाहीत म्हणतेस. ज्याला पर्वा नसते तो जेवतो गं.

प्रताप म्हणतो, त्याच्या ओळखीचा ट्रॅव्हल एजंट सिॲटलहून लंडनचं बुकिंग करून देईल. नुसता फोन कर. काही बोलू नकोस, नुसतं 'कर' म्हण.

तुझी,
लता


थॉर्नमिअर
६ एप्रिल १९८६

लता,

महिनाभर तुला पत्र नाही म्हणून तू हवालदिल झाली असशील. सुखरूप आहे. गुडघ्यांना इथली थंडी मानवत नाही, पण डॅफोडिल फुललेत आणि पपा आहेत. डॉक्टर हल्ली काही भविष्य सांगत नाहीत.

मी आले त्या दिवशी ते खिडकीशी बसले होते. किती लहान झालेत. घोड्यावरच्या त्या माणसाला मी उचलून घेऊ शकले असते. ह्यूने मला खोलीत सोडलं आणि स्वतः पळाला. मी नमस्काराला वाकले, सवयीने. इंग्लंडात कोणी कोणाच्या पाया पडत नाही, पण मला दुसरं काही सुचलंच नाही. ते दचकले. मग विचारलं, प्रवास कसा झाला. मी म्हटलं, बरा झाला. दोन दिवस आम्ही हवेवर बोललो. आमच्या लोकांना हवेवर फार बोलता येतं. रात्री खोलीत जाऊन मी उशीत तोंड खुपसून तुला शिव्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नर्सला जाड निबेचं पेन आणि मोठा कागद आणायला सांगितलं. मला म्हणाले, "लिही." मी विचारलं, काय? तर नुसतं टेबलावर बोट आपटलं, पूर्वीसारखं. मी मोठ्या अक्षरात रोझमंड लिहिलं. त्यांनी भिंग लावून ते नाकाजवळ धरलं आणि बाजूला ठेवलं. "हे मला ठाऊक आहे," म्हणाले, "दुसरं लिही."

मी इंग्रजीत लिहायला लागले तर म्हणाले, तसं नाही, त्यांच्या लिपीत. लता, तुझ्या दादाचा ताटाच्या काठाला गेलेला उकार मला आठवला. आईंनी पाटीवर शिकवलं होतं ना, 'आधी रेघ ओढ, मग अक्षरं तिला टांग'? तू हसायचीस, सगळं जग रेघ शेवटी देतं म्हणायचीस. मी तशीच आधी रेघ ओढली आणि खाली सुलेखा लिहिलं, कागदभर.

पपांनी भिंग लावलं, पण त्यांना पुरतं दिसेना. मग त्यांनी अंगठा त्या रेघेवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शाई ओली होती, अंगठा काळा झाला. मग म्हणाले, "ओळ सरळ आली. शेवटी."

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाई केसांना लागली. मी अजून धुतलेली नाही, हे कोणाला सांगू नकोस.

आता पपा रोज सकाळी तुझं पत्र काढायला लावतात आणि तो ड्रायव्हिंग लायसन्सचा भाग पुन्हा वाचायला सांगतात. तू कोण, कशी दिसतेस, हे विचारतात. मी म्हटलं, चोंबडी आहे. हा शब्द त्यांना फार आवडला. जमत नाही, तरी म्हणून बघतात.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी मऊ भात करत होते. आत नर्स होती, नळ सुरू होता. खोलीतून कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. मी भात ढवळत राहिले. पुन्हा हाक आली. नर्स माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पपा 'रोझमंड' म्हणत होते, मोठ्याने, आणि मी ढिम्म उभी होते, नागपूरच्या त्या पहिल्या वर्षासारखी.

पळी हातात तशीच होती. बोलायला गेले तर इंग्रजी सुचेना.

"ओ," म्हटलं, "आले."

तुझी,
वहिनी